गाडीतल्या कप्प्याचे कुलूप

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘गाडीच्या चारही दारांना कुलूप आहे, वर सेंट्रल लॉकिंग आहे, हात लावला तर बोंब मारणारा भोंगाही आहे. मग आतल्या एवढ्याशा कप्प्याला आणखी एक कुलूप कशाला?’ हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. मी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवले. निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांची बारीकसारीक कामे हौसेने करतो. त्यात एक काम वरचेवर येते, ते म्हणजे ज्या गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्याला कुलूप नाही, तिला ते बसवून देणे.

वरच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दारांची कुलपे गाडी बंद असतानाच कामाची. पण आठवड्यातून किती वेळा आपण आपल्या हाताने गाडी उघडी करून दुसऱ्याच्या ताब्यात देतो, ते आठवून पाहा. वॉशिंग सेंटरवर चावी देतो. सर्व्हिसिंगला गाडी दिवसभर राहते. लग्नाच्या लॉन्सवर दारातच एक मुलगा चावी घेतो आणि गाडी कुठेतरी लावून येतो. घरी ड्रायव्हर असेल तर चावी त्याच्याकडेच असते. या प्रत्येक वेळी दाराचे कुलूप असून नसल्यासारखे. तेव्हा उपयोगी पडते ते आतले कुलूप.

आपल्या नाशिकला तर याची गरज जरा जास्तच. गाव तीर्थाचे. रामकुंडावर जायचे तर गाडी लांब कुठेतरी उभी करायची आणि पायी निघायचे. २०१५ च्या सिंहस्थात भाविकांच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या होत्या आणि तिथून पुढे बसने घाटाकडे नेले होते. म्हणजे गाडी मोकळ्या मैदानात तासन् तास उभी आणि मालक पाण्यात. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. शिवाय दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागा. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची, मजुरांचे पैसे बहुतेक रोखच द्यावे लागतात. ते पाकीट बँकेपासून बागेपर्यंत कशात जाते? याच कप्प्यात.

या कप्प्याचे इंग्रजी नाव ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे हातमोज्यांची पेटी. सुरुवातीच्या मोटारींना छप्पर नसे, हिटर तर नसेच. थंडीवाऱ्यात चाक धरायला हातमोजे लागत आणि ते ठेवायला जागा लागे. डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्रज मोटारशर्यतपटू बाईंनी १९०९ मध्ये महिला मोटारचालकांसाठी एक पुस्तक लिहिले. सीटखालच्या छोट्या खणात हातमोजे आणि एक हाती धरायचा आरसा ठेवावा, म्हणजे मागून येणारी वाहने त्यात पाहता येतील, असा सल्ला त्यांनी त्यात दिला होता. पुढे हातमोजे गेले आणि खण सीटखालून डॅशबोर्डमध्ये आला. त्यात आता आरसी, विम्याचा कागद, चष्मा, गोळ्यांची पाकिटे आणि टोलच्या जुन्या पावत्या असतात.

आता हा कप्पा बंद कसा होतो ते पाहू. खालच्या बाजूला बिजागरीसारख्या दोन खुंट्या असतात, त्यांवर तो पुढे झुकतो. वरच्या बाजूला हँडल आणि त्याच्यामागे खटका. खटका डॅशबोर्डला बसवलेल्या कडीत अडकतो. काही गाड्यांत हँडल ओढले की आतल्या दोन दांड्या मधल्या बाजूला सरकतात आणि कप्पा सुटतो. कुलूप असेल तर ते एवढेच करते, की हँडलची हालचाल किंवा खटक्याची हालचाल रोखून धरते. वेगळी तिजोरी वगैरे काही नसते.

आणि गंमत अशी, की बऱ्याच गाड्यांत स्वस्त आणि महाग मॉडेलचा कप्पा एकाच साच्यातून निघतो. महाग मॉडेलच्या हँडलमध्ये चावीचा गाभा बसवलेला असतो. स्वस्त मॉडेलमध्ये त्या जागी नुसते प्लॅस्टिकचे बूच असते. आपल्या गाडीच्या हँडलवर एखादा गोल, निरुपयोगी वाटणारा चकतीसारखा भाग दिसत असेल, तर समजा, कुलपाची जागा कंपनीने ठेवली आहे, फक्त कुलूप ठेवलेले नाही.

कुलपाचा गाभा कसा चालतो, हेही दोन वाक्यांत सांगतो. कारण ते कळले की पुढचा निर्णय सोपा होतो. आपल्या घराच्या दाराला जी दंडगोल गाभ्याची कुलपे असतात, त्यांत स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना असतात. अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात ही रचना आजच्या रूपाला आणली. मोटारीतल्या आणि टेबलाच्या खणाच्या कुलपांत बहुधा पिनांऐवजी पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. चावी नसताना स्प्रिंगमुळे या चकत्या गाभ्याबाहेर डोकावतात आणि गाभा फिरत नाही. योग्य चावी घातली की तिच्या दातांमुळे सगळ्या चकत्या गाभ्याच्या आत एका पातळीत येतात आणि गाभा फिरतो. चकत्यांचे कुलूप लहान जागेत मावते, धूळ-धक्के सोसते, स्वस्त पडते. पण जाणकार माणसाला ते उघडायला फार वेळ लागत नाही. आणि ज्याच्या हातात मोठा स्क्रू-ड्रायव्हर आहे, त्याला तर प्लॅस्टिकचा कप्पा उचकटायला जाणकार असण्याचीही गरज नाही.

म्हणून पहिल्यांदाच सांगून ठेवतो. हे कुलूप काच फोडून आत शिरलेल्या चोरासाठी नाही. ‘सहज उघडून पाहू’ म्हणणाऱ्या हातासाठी ते आहे. कुतूहल, मोह आणि लहान मुले, एवढ्यांपुरते ते पुरते. आणि याखेरीज आणखी एका गोष्टीसाठी ते फार मोलाचे आहे, तिच्याकडे मी शेवटी येतो.

कुलूप बसवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आणि उत्तम मार्ग म्हणजे आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे कुलूपवाले हँडल सुटा भाग म्हणून मागवणे. अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात गाडीचा चासी नंबर आणि वर्ष सांगून चौकशी करावी. कप्पा काढायचा, जुने हँडल सोडवायचे, नवे बसवायचे. भोक पाडावे लागत नाही, गाडीचे रूप बदलत नाही. मात्र मागवण्यापूर्वी हँडलमागचा खटका आणि स्क्रूची भोके जुन्याशी जुळतात का, हे पडताळून घ्यावे. मॉडेलचे नाव तेच राहते आणि आतली रचना बदलते, असे मोटारींत नेहमी होते.

इथे लोक हमखास विचारतात, ‘सर, याची चावी गाडीच्या चावीशी एकच करून मिळेल का?’ दोन्ही चाव्यांची खाच एकाच जातीची असेल तर कुशल चावीवाला गाभ्यातल्या चकत्यांची मांडणी बदलून ते करू शकतो. पण माझा सल्ला उलटा आहे. चावी एक करू नका. ज्या मुलाला गाडी धुवायला चावी दिली, त्याच चावीने कप्पा उघडत असेल तर कुलूप बसवून मिळवले काय? कप्प्याची चावी वेगळी असावी आणि ती घरच्या चाव्यांच्या जुडग्यात असावी. बटणाने चालू होणाऱ्या काही नव्या गाड्यांत रिमोटच्या पोटात एक छोटी पात्याची चावी लपवलेली असते आणि कप्पा तिनेच उघडतो. अशा गाडीत रिमोट दुसऱ्याला देताना ते पाते काढून खिशात ठेवावे. बऱ्याच मालकांना ते पाते आहे हेच माहीत नसते.

दुसरा मार्ग, जेव्हा कंपनीचा भाग मिळत नाही तेव्हाचा. यात आपण टेबलाच्या खणाला किंवा लोखंडी कपाटाला वापरतात तसले, मागे फिरती जीभ असलेले कुलूप बसवतो. दुकानात ते ‘कॅम लॉक’ म्हणून मिळते. काम सोपे आहे, पण क्रम चुकवू नये.

आधी कप्पा गाडीतून बाहेर काढायचा. आत सामान असेल ते रिकामे करायचे, बाजूचे अडथळे दाबून किंवा स्क्रू सोडवून कप्पा खाली झुकवायचा, हळू बंद करणारी दोरी किंवा दट्ट्या असेल तर तो सोडवायचा. डॅशबोर्डवर कप्पा तसाच ठेवून ड्रिल चालवणे हा अडाणीपणा आहे. त्याच्यामागे ब्लोअर असतो, बऱ्याच गाड्यांत एसीचा फिल्टर असतो, वायरींचे जुडगे असते. ड्रिलचे टोक एकदा आरपार गेले की ते कुठे थांबेल ते आपल्या हातात राहत नाही.

कप्पा बाहेर आला की कुलपाची जागा ठरवायची. जीभ फिरल्यावर डॅशबोर्डच्या मजबूत कडेमागे, शक्यतो धातूच्या पट्टीमागे जायला हवी. पातळ प्लॅस्टिकमागे जीभ अडकवली तर एका हिसक्यात कड तुटते. जागेवर कागदी चिकटपट्टी लावून खूण करायची. आधी ३ मिलिमीटरचे बारीक भोक, मग पायरीपायरीने मोठे. कुलपाचा गळा साधारण १९ मिलिमीटरचा असतो, पण हातातले कुलूप मोजूनच भोक ठरवावे. ड्रिल सावकाश फिरवायचे, नाहीतर प्लॅस्टिक कापले जाण्याऐवजी वितळते आणि भोकाची कड गुंडाळली जाते. कुलपाच्या गळ्याला दोन बाजूंनी सपाटी असते. भोकालाही कानशीने तशीच सपाटी ठेवली तर चावी फिरवताना अख्खे कुलूप फिरत नाही. आतल्या बाजूने एक-दीड मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी घालावी. नट तिच्यावर आवळला म्हणजे प्लॅस्टिकला तडा जात नाही. आणि सगळे झाल्यावर कप्पा उघडा ठेवून चावी दहा वेळा फिरवून पाहावी, मगच बंद करून कुलूप लावावे. जीभ अडकली आणि कप्पा बंद, ही फजिती टाळलेली बरी.

आता सावधगिरीचे दोन शब्द. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देत असे. आपल्या देशात २०२१ पासून नव्या मोटारींना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ही पिशवी बहुधा कप्प्याच्या बरोबर वर, डॅशबोर्डच्या पोटात घडी करून ठेवलेली असते. धडक झाली की पापणी लवायच्या आत ती फुगते. तिच्या झाकणाच्या जवळपास स्क्रू, पट्टी, कडी काहीही बसवू नये. फुगणारी पिशवी तो तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा आत बसलेल्या माणसावर फेकेल. पिवळ्या वेष्टणातली वायर किंवा पिवळा जोड दिसला तर तो एअरबॅगचा समजावा आणि त्याला हात लावू नये. तिथवर जायची वेळ आलीच तर काम अधिकृत वर्कशॉपकडे सोपवावे.

दुसरी सावधगिरी गुडघ्यांची. धडकेत पुढच्या प्रवाशाचे गुडघे याच कप्प्यावर आदळतात. म्हणून बाहेर डोकावणारे, टोकदार कुलूप बसवू नये. कडी-कोयंडा आणि वर लोंबते कुलूप, असली करामतही मी पाहिली आहे. ती गाडीत बसवणे म्हणजे गुडघ्यासमोर हातोडा टांगण्यासारखे आहे. कुलपाचे तोंड पृष्ठभागाशी जेवढे सपाट, तेवढे चांगले. गाडी चालवताना कप्पा बंद असावा, हाही नियम याच कारणाने पाळावा. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत तर धडकेच्या वेळी कप्प्याचे दार उघडता कामा नये, अशी अटच आहे.

कुलूप बसले, आता आत काय ठेवायचे? याचा विचार कुलपाइतकाच महत्त्वाचा. घराची चावी आणि गाडीची दुसरी चावी या कप्प्यात कधीही ठेवू नये. आरसीवर आपला पत्ता असतो. चोराला पत्ता आणि चावी एकाच जागी दिल्यासारखे होते. कागदपत्रांची चिंता आता कमी झाली आहे. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची कागदपत्रे तपासणीत ग्राह्य धरली जाऊ लागली. तेव्हा मूळ कागद घरी ठेवता येतात. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते, म्हणून औषधे, लायटर, अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटल्या, मोबाइलची पॉवर बँक आत ठेवू नये. प्रथमोपचाराची पेटी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र कुलपाबाहेर ठेवावी. अपघातात मदतीला धावणाऱ्याला तुमची चावी शोधत बसावे लागू नये. आणि एक लक्षात असू द्या, मोटारीचा नेहमीचा विमा मोटारीचा असतो. आतल्या रोख रकमेची भरपाई त्यातून मिळत नाही.

आता ती शेवटची गोष्ट. निफाडकडचे माझे एक परिचित द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांच्याकडे अनेक वर्षे एकच ड्रायव्हर होता. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत एकदा मजुरांच्या पैशांचे पाकीट गाडीच्या कप्प्यातून नाहीसे झाले. ड्रायव्हरला कोणी चोर म्हटले नाही. पण बँकेत जाताना अण्णा स्वतः गाडी चालवू लागले. घरात बोलणे चालू असताना तो आला की सगळे गप्प होत. माणसाला एवढे पुरते. दिवाळीनंतर त्याने आपणहून काम सोडले.

काही महिन्यांनी अण्णा माझ्याकडे गाडी घेऊन आले. म्हणाले, “सर, याला चांगले कुलूप बसवून द्या. आता कुणाचा भरवसा राहिला नाही.” मी कप्पा खाली झुकवला आणि बाहेर ओढला. मागच्या पोकळीत, ब्लोअरच्या नळीवर, धुळीत पाकीट पडलेले होते. अशा बऱ्याच कप्प्यांची मागची कड आखूड असते. आत सामान कोंबले की मागचे कागद कडेवरून उडी मारून पलीकडे जातात. अण्णांनी पाकीट उघडले, पैसे मोजले. पूर्ण होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, कुलूप राहू द्या. मला आधी त्याच्याकडे जाऊन येऊ द्या.”

ते गेले. नंतर मला त्यांनीच सांगितले. त्याने पाट मांडला, चहा दिला, सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाला, “अण्णा, तुम्ही आलात यातच सगळे आले. पण आता मी दुसरीकडे लागलोय.”

संशयाला औषध नाही, असे आपण म्हणतो. औषध नसेलही, पण पथ्य आहे. पैसे ठेवणाऱ्याने कुलूप लावून चावी स्वतःजवळ ठेवली, तर काही हरवले की तो आधी आपलेच खिसे आणि आपलेच कप्पे तपासतो. गाडी धुणाऱ्या मुलाकडे, गॅरेजच्या हेल्परकडे, वर्षानुवर्षांच्या ड्रायव्हरकडे त्याची नजर जात नाही. ज्यांचे पोट आपल्या विश्वासावर चालते, त्यांच्या हाती उघडा कप्पा देणे हा त्यांच्यावर टाकलेला भार असतो. कुलूप लावले की तो भार उतरतो. म्हणून मी कुलूप बसवून देताना प्रत्येकाला सांगतो, की हे ‘माझा तुझ्यावर विश्वास नाही’ म्हणून लावू नका. ‘तुझ्यावर बोट उठायची वेळ येऊ नये’ म्हणून लावा, आणि तसे आपल्या माणसाला सांगाही.

अण्णांच्या गाडीला मी नंतर कुलूप बसवले. कप्प्याच्या मागच्या कडेला एक उंच पट्टीही लावली. नव्या कप्प्यात सामान पलीकडे पडत नाही. तुमच्या गाडीला कुलूप बसवा किंवा बसवू नका, पण येत्या सुट्टीत एकदा कप्पा काढून मागे हात घालून पाहा. निदान टोलच्या चार जुन्या पावत्या तरी सापडतील.